पोळ्यापर्यंत एक गोगलगाय

॥ शिव ॥

परभणी,
श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थरूप मन्मथमामांच्या पायांवर भाचा शंभुराज याचं डोकं. शिवकन्यामामींनाही माझा शरणार्थ पोचवावा. तुमचा उजवा गुडघा (आई म्हणते उजवा, अप्पा म्हणतात दोन्ही गेलेत, पण ‘मन्मथ फक्त एकच कबूल करतो’) आता कसा आहे ते कळवा. मामींची शुगर उतरली असल्यास आनंद आहे, उतरली नसल्यास श्रावणातल्या शिऱ्याला हात जरा आखडता घ्यावा असा आईचा निरोप आहे. तुमच्या बोरीकडं पाऊस बरा झाला असं कळलं. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे माणसं. बाकीच्यांची हकीकत चांगली नाही, आणि तीच सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुमचा फोन दुकानात वजनकाट्याशेजारी असतो आणि तो जन्मल्यापासून स्पीकरवर आहे. मागं शिवरंजनीताईच्या सोयरिकीचं मी तुमच्या कानात म्हणून जे सांगितलं, ते तुमच्याकडं गूळ-शेंगदाणे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी ऐकलं, त्यातलं एक गिऱ्हाईक परभणीच्या बसमध्ये बसलं, आणि मी घरी पोचायच्या आत ते अप्पांपर्यंत पोचलेलं होतं (वर पदरच्या दोन गोष्टींची भर पडून). ह्या वेळी तसं झालं तर घरात जे काही थोडंफार सुरळीत आहे तेही जाईल. तेव्हा हे पत्र दुकानात उघडू नये, आणि वाचताना ओठ हलवू नयेत.

तर बसवजयंतीचा तो दिवस. पंच तुम्हीच होतात, पण तुमचं लक्ष तेव्हा आमरसाकडं जास्त होतं, म्हणून पुन्हा एकदा सगळं मांडतो. आपलं गुजरीतलं भांड्यांचं दुकान तुम्ही आईच्या लग्नापासून पाहताय. आत शिरल्या शिरल्या उजवीकडं तांबं, मधोमध पितळ, आणि स्टील पार मागं अंधारात, घरातल्या वाया गेलेल्या पोरासारखं. डाव्या बाजूला आजोबांच्या वेळची घंगाळं पडून आहेत. ती कुणी विकत घेत नाही, लोक त्यांच्यावर फक्त पिशव्या टेकवतात. ती डावी बाजू मी अप्पांकडं मागितली. तिथं मला खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या मांडायच्या आहेत. समुद्रातले मासे, प्रवाळ, सगळं. नांदेडपासून जालन्यापर्यंत असं दुकान मला तरी दिसलं नाही (का दिसलं नाही, ते आता हळूहळू कळायला लागलंय). अप्पांनी हातातला हंडा खाली ठेवला आणि म्हणाले, "परभणीत नळाला पाणी आठवड्यानं येतंय, आन् ह्यो समुद्र इकायला निघालाय."

मग आई रडली, तुम्ही मधे पडलात, आणि अप्पांनी अट घातली. मी त्यांना बोलण्याच्या भरात सांगून बसलो होतो की माझा हैदराबादचा दुकानदार म्हणतो, मासा कसाही तगतो, पण टाकीत गोगलगाय जगली तरच पाणी बसलं असं समजायचं आणि मग पुढचा माल घालायचा. अप्पांनी तेवढंच पकडलं. विकत आणलेल्या गोगलगाईंतली एक जरी पोळ्यापर्यंत जिवंत राहिली तर डावी बाजू माझी. नाही तर टाकी विकून मुकाट्यानं गादीवर बसायचं आणि जन्मात पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. तुम्ही माझ्या वतीनं "मान्य" म्हणालात, मामा. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात. तेव्हापासून अप्पा माझ्याशी थेट बोलत नाहीत. समोरासमोर जेवायला बसलो तरी, त्याला म्हणावं मीठ दे, असं आईला सांगतात. मग आई ते मला सांगते, आणि मी मीठ आईकडं देतो.

टाकी बैठकीत ठेवली, टीव्ही होता त्या जागी. (टीव्ही आईच्या खोलीत गेला, त्यामुळं ह्या प्रकरणात आईचा मला पहिल्या दिवसापासून भक्कम पाठिंबा आहे.) तळाला पांढरी वाळू, मधे समुद्रातून काढलेले भोकाभोकांचे दगड, आणि दोन नारिंगी मासे. आपल्या घरात मासे येणार म्हटल्यावर ते फक्त बघायचे आहेत याची आईनं माझ्याकडून शपथ घेतली. पाणी जारचं, आणि त्यात घालायला टाकीचं खास मीठ. त्या मिठाची किंमत ऐकून आई म्हणाली, आपल्या डब्यातलं घे की वाटीभर. मी फरक समजावून सांगितला तर म्हणाली, समुद्र काय पुडीवरचं वाचून खारट झालाय का. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं खरं, पण कॉलेजात आम्ही जे प्राणी पाहिले ते बाटलीत होते आणि त्यांची पाण्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पहिल्या गोगलगाई हैदराबादहून रेल्वेनं थर्माकोलच्या खोक्यातून आल्या. स्टेशनवरून ऑटोत मांडीवर धरून आणल्या. ऑटोवाल्याला म्हटलं, खड्डे चुकव. तो म्हणाला, मग रस्ता कुठला आणू. सुपारीएवढ्या, भोवऱ्याच्या आकाराच्या शंखाच्या, शांत स्वभावाच्या त्या गोगलगाई होत्या. आईनं त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पहिल्याच दिवशी त्या काचेवर चढून शेवाळ खायला लागल्या आणि मी डाव्या बाजूला कुठला रंग द्यायचा ते ठरवून टाकलं. (निळा. आता त्या रंगाचं नाव नको वाटतं.)

मग त्या मरायला लागल्या. मामा, गोगलगाय मेली हे ओळखणं फार अवघड आहे, कारण जिवंत असतानाही ती फारसं काही करत नाही. ती उलटी पडते. तुम्ही तिला सुलटी करता. ती परत उलटी पडते. तुम्ही म्हणता, दमली असेल. असं करत करत शेवटी तिला बाहेर काढून वास घेऊन बघावा लागतो. माझ्याबरोबरची पोरं पुण्याला कंपन्यांत लागली, त्यांची लग्नं झाली, एकाला जुळी झाली. आणि मी सकाळी उठून तोंड धुवायच्या आत गोगलगाईंचा वास घेतो. पहिली मेली तेव्हा मी ती केरात टाकायला निघालो होतो. आईनं हात धरला. आपल्यात पुरतात, तर हिनंच काय घोडं मारलंय, म्हणून तिनं ती गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरली आणि वरून चिमूटभर विभूती टाकली. तिच्या मागोमाग बाकीच्याही त्याच कुंडीत गेल्या. मग मी दुसरं खोकं मागवलं, तेही कुंडीत गेलं. मोगरा ह्या साली असा फुललाय की शेजारच्या बायका कलम मागायला येतात. आई ती फुलं देवाला वाहते, आणि तेव्हा माझ्यानं देवघरात बसवत नाही.

मी तपास सुरू केला. पहिला संशय पाण्यावर. जारवाला बदलला, मग दुसरा जारवाला बदलला, मग पहिला परत धरला. मग उन्हाळ्यावर संशय आला, कारण मे महिन्यात टाकीला हात लावला की अंघोळीचं पाणी आठवायचं. बर्फाच्या बाटल्या सोडल्या आणि कूलरचं तोंड टाकीकडं फिरवलं. अप्पा घामानं निथळत कोपऱ्यात बसले होते, ते आईला म्हणाले, त्याला म्हणावं, जागा आसली तर बापालाबी टाकीत सोड. मग संशय धुपावर. सोमवारचा धूप आणि उदबत्त्या बंद केल्या, तर आई रुसली आणि तिनं एक वेळचा स्वयंपाक बंद केला. मग माशांवर पाळत ठेवली. ते दोघे निर्दोष निघाले. घरात रोज मयत होत असताना त्यांची तब्येत मात्र अशी सुधारत होती की मला त्यांचा राग यायला लागला.

एका गोष्टीचा मात्र मला फार अभिमान होता, तो इथं नमूद करतो. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज थोडं थोडं गोडं पाणी, थेंब थेंब करून, टाकीत सोडावं लागतं. नाही तर खारटपणा चढत जातो आणि आतले जीव मरतात. आपल्या परभणीच्या उन्हात तर भरलेली बादली डोळ्यांदेखत उतरते. पण माझ्या टाकीची पातळी कधी उतरलीच नाही. यंत्र लावून बघावं तर खारटपणा रोज बरोबर. मी वर काचेचं झाकण स्वतःच्या हातानं बसवलं होतं, त्याचीच ही करामत असं मी धरून चाललो. हैदराबादला फोन करून त्या झाकणाचं वर्णनही केलं, आणि आता पावसाळ्यात आणखी फरक पडेल म्हणालो. दुकानदार म्हणाला, कमाल है मियाँ.

झाकण झालं, आता जाणकार. गोगलगाय ह्या विषयावर आपल्या जिल्ह्यात जितके जाणकार सापडतील तितके कुठं सापडणार नाहीत, फक्त ते सगळे एकाच बाजूचे आहेत. सोयाबीन उगवलं की शंखी गोगलगाय येते आणि वावर साफ करते, हे तुम्हाला मी बोरीत येऊन सांगायला नको. दुकानात चुडाव्याचे आश्रुबा कळशी घ्यायला आले होते, त्यांच्यापुढं मी माझं दुःख सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी वावरातल्या गोगलगाई येचून मिठाच्या पाण्यात टाकताव, मराव म्हणून. तूबी मिठाच्या पाण्यातच टाकायलास की बाबा." ह्या समुद्रातल्या आहेत, ह्यांना खारंच पाणी लागतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं आणि अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, पोराचं लगीन करायचं ऱ्हायलंय का.

मग मी कृषी विद्यापीठात गेलो. तिथले एक साहेब गोगलगाईंवरच काम करतात असं कळलं होतं. त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठी खुर्ची ओढली, आणि तासभर इतकं मन लावून सांगितलं की मी भारावून गेलो. बांधावर चुन्याचा पट्टा ओढा. झाडाच्या बुंध्याला मोरचूद आणि चुना कालवून लावा, मोरचूद लागलं की गोगलगाय पुढं सरकत नाही, सरकलीच तर वाचत नाही. मी शेवटी चाचरत म्हणालो, साहेब, मला त्या मारायच्या नाहीत, जगवायच्या आहेत. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की इतक्या वर्षांच्या नोकरीत असं विचारायला कुणी आलेलं नाही, आणि माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. तिथून निघालो तेव्हा कुठलीही गोगलगाय मारायची माझी पूर्ण तयारी झालेली होती.

असं करत तिसऱ्या खोक्यातली एकच राहिली. बाकीच्यांपेक्षा जरा थोराड, शंखाचं टोक मोडलेलं. आई तिला म्हातारी म्हणते. म्हातारी दिवसभर एका दगडाला धरून असते, खात काही नाही, पण पडतही नाही. माझी डावी बाजू, माझं दुकान, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या म्हातारीच्या एका पायावर उभं आहे (गोगलगाईला पाय एकच असतो, हे मला बी.एस्सी.त शिकवलेलं आठवतं). पोळा तोंडावर आलाय. मला जेवण जात नाही.

आता खरं सांगतो. परवा पहाटे लाइट गेली. टाकीच्या पंपाचा आवाज बंद पडला आणि त्या शांततेनं मला जाग आली. बॅटरीवरचा पंप लावायला म्हणून मी बैठकीकडं निघालो आणि दारातच थांबलो. आत समई लावलेली होती. अप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा आटोपून टाकीसमोर पाटावर बसले होते. माझं झाकण काढून बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं. आणि टाकीच्या बरोबर वर, खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून, आपली गळती टांगलेली होती. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी, बुडाला बारीक छिद्र असलेली, आजोबांनी समोर बसून ठोकून घेतलेली तांब्याची गळती. लिंबू आणि राखेनं घासून लख्ख केलेली. शेजारी तांब्याचा हंडा, त्यात आदल्या संध्याकाळपासून भरून ठेवलेलं जारचं पाणी. गळतीतून थेंब थेंब पाणी टाकीत पडत होतं, आणि अप्पा काचेला तोंड लावून म्हातारीशी बोलत होते.

"टिक गं माय," ते म्हणत होते. "पोळ्यापस्तोर तेवढं टिक. लेकरू झुरायलंय."

मी तसाच मागं फिरलो आणि पांघरूण घेऊन पडून राहिलो. टाकीची पातळी कोण राखत होतं ते कळलं. मी हैदराबादला फोनवर काय बोलतो ते हे गृहस्थ पेपरच्या आडून अक्षर न् अक्षर ऐकत होते, आणि मी उठायच्या आत रोज उठून, रोज गळती बांधून, रोज सोडून, पुन्हा देवघरात खुंटीला लावत होते. मी हरावं म्हणून टपून बसलेत असं ज्यांच्याबद्दल मी गावभर सांगत फिरलो, ते मी जिंकावं म्हणून पहाटे उठत होते. मला रडू आलं, मामा. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण रडता रडताच विद्यापीठातले साहेब आठवले. मोरचूद. मोरचूद म्हणजे दुसरं तिसरं काय, तांबंच की. लाइट आल्याबरोबर गच्चीवर जाऊन हैदराबादला फोन लावला. तो आधी हसला, मला वाटतं त्याला मी गंमत करतोय असं वाटलं. मग म्हणाला, "मछली झेल लेती मियाँ, घोंगे के वास्ते तो तांबा जहर है." खाली येऊन टाकीतली वाळू चाळली तर कोपऱ्यात निजामाच्या वेळचा एक तांब्याचा पैसा पुरलेला निघाला. गंगाखेडला गोदावरीचा पूल ओलांडताना अप्पा पाण्यात पैसा टाकल्याशिवाय राहत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. घरात साक्षात समुद्र आल्यावर ते रिकाम्या हातानं कसे राहतील.

म्हणजे कुंडीत जितक्या आहेत तितक्या सगळ्या अप्पांनी मारल्या, आणि त्यांच्याजवळ सगळ्यात शुद्ध जे होतं ते देऊन मारल्या. मी काल दुकानात धीर करून सुरुवात केली. अप्पा, तांब्याचं एक विचारायचं होतं, एवढंच म्हणालो. मामा, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पोरगं ठिकाणावर आलं असं त्यांना वाटलं असणार. आई मधे नसताना, बसवजयंतीनंतर पहिल्यांदा, ते थेट माझ्याशी बोलले, आणि दुपारपर्यंत बोलत राहिले. आजोबा तांबट आळीतून माल कसा निवडायचे, नखानं टिचकी मारून आवाजावरून चांगलं तांबं कसं ओळखायचं, पाणी त्यात रात्रभर राहिलं की त्यातले दोष कसे जातात. माझ्याकडून टिचक्या मारून घेतल्या. एक गिऱ्हाईक उभं राहून उभं राहून निघून गेलं, तरी थांबले नाहीत. शेवटी मांडणीवरचा एक तांब्याचा पेला पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यातून पेत जा. तोंड लय उतरलंय तुझं."

आता अशा माणसाला मी काय सांगू? ज्यांनी जन्मभर तांबं अमृत म्हणून विकलं, आणि ते खरंच मानून विकलं, त्यांना तुमच्या हातानं इतके जीव गेले असं कुठल्या तोंडानं सांगू? सांगितलं तर ते गळती खुंटीला लावतील आणि पुन्हा त्या बैठकीत येऊन बसणार नाहीत, एवढं मला कळतं. नाही सांगितलं तर म्हातारी जाते, डावी बाजू जाते, आणि मी उरलेलं आयुष्य गादीवर टिचक्या मारत काढतो. कालपासून मी त्या पेल्यातून पाणी पितोय. गार लागतं, हे कबूल केलं पाहिजे.

असो. घरातल्या थोरांना माझा शरणार्थ, लहानांना माझ्याकडून तुमच्याच बरणीतली एकेक गोळी, आणि गिऱ्हाइकांना काही सांगू नये.

आपला भाचा,
शंभुराज

ता. क. एक काम आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच एवढं लिहिलं. तुम्ही दोन दिवसांत परभणीला या आणि अप्पांकडं ती गळती मागा. तुमच्या आळीतल्या महादेवाची गळती फुटली, श्रावण चालू आहे, पिंडीवर धार नाही, असं सांगा. देवाच्या कामाला अप्पा नाही म्हणणार नाहीत. आणि बदल्यात तुमच्याकडच्या कुंभाराकडून मातीची एक गळती करून आणा. ती एक दिवस पिंडीवर टांगा आणि प्रसादाची म्हणून त्यांच्या हातात द्या. प्रसादाची म्हटल्यावर ते तीच बांधतील. हंड्याचं काय करायचं ते मी बघतो. त्यांचं पहाटे येऊन बसणं मात्र मोडता कामा नये. ते मोडलं तर मला डावी बाजूही नको.

ता. क. तांब्याचा विषय काढू नये. त्यांनी काढला तर ऐकून घ्यावा, आणि पेला दिला तर घ्यावा.

ता. क. गुरुवार. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. काल दिवसभर म्हातारी दिसली नाही. दगडामागं गेली असेल अशी मी मनाची समजूत घातली. अप्पाही काल वसुलीला म्हणून सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेले होते, ते दिवे लागल्यावर आले. आज उठून बघतो तर काचेवर गोगलगाय. शिंगं काढून, मान लांब करून, चांगली चाललेली. मामा, मी आईला हाक मारायला तोंड उघडलं. मग नीट पाहिलं. ती पाण्याच्या वरच्या कोरड्या काचेवर होती, आणि एका दिवसात सुपारीएवढीची लिंबाएवढी झाली होती. शंख तपकिरी, वर पट्टे. मी गच्चीवर गेलो. मोगऱ्याच्या कुंडीतली माती नुकतीच उकरलेली, आणि तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. आई चिमूट टाकते. तीन बोटं ओढणारं घरात एकच माणूस आहे.

मी तिथंच कुंडीजवळ थोडा वेळ बसलो. म्हातारीसाठी बसलो, की कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही. खाली आलो तर दारात अप्पांच्या चपला, काळ्या चिखलानं भरलेल्या, आणि अप्पा पेपर वाचत बसलेले. आश्रुबांच्या वावरातली, त्यांच्या हातावर काहीतरी ठेवूनच आणली असणार, म्हणजे अटीत ठरल्याप्रमाणं विकतची झाली. शब्दाला ते पक्के आहेत. पेपर न हलवता ते आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, जिती हाय. पोळा आलाच." मी आईला म्हणालो, "त्यांना म्हण, हो. बघितली मी. जिती हाय." अप्पांनी पेपरचं पान उलटलं. मी स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची काडी आणून तिला दिली, ती तिनं खाल्ली. पाण्यात पडू नये म्हणून काचेला आतून एक फळी लावलीय आणि दिवसभर तिच्याजवळ बसून आहे.

तेव्हा गळतीचं काम पोळ्यानंतर करू, श्रावणाऐवजी दुसरं कारण शोधून. पोळ्याला मात्र पंच म्हणून नक्की या, अप्पा निकाल तुमच्याच तोंडून मागणार. बैठकीत दाराजवळच्या खुर्चीत बसा, गुडघ्याचं कारण सांगून टाकीपर्यंत येऊ नका, आणि निघताना चष्मा बोरीतच ठेवून या.